चित्रात उरलेला पंजा

लंडनमध्ये 1832 साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकातील चित्राची झेरॉक्स आमच्या टेबलाच्या काचेखाली बरीच वर्षे आहे. चित्र अलमाचे आहे. मोहरममध्ये जो निघतो, ज्याला आपल्याकडे खेडोपाडी कुणी पंजा म्हणते, कुणी पीर म्हणते, कुणी सवारी म्हणते, तोच हा अलम. घरी येणारा पाहुणा चहाचा कप ठेवताना त्याकडे पाहतो आणि बहुतेक वेळा काहीतरी बोलतो. पाहुणा आपल्यापैकी असेल तर विचारतो, "हे काय, तुम्हीसुद्धा हे मानता?" मराठी हिंदू मित्र असेल तर म्हणतो, "अरे, हा तर आमच्या गावचा पीर! आमची आजी याला नारळ द्यायची."

दोघांनाही उत्तर द्यायचे आमच्याकडून नेहमी राहून जाते. हे चित्र आम्ही का जपून ठेवले, ते आज सांगावे म्हणतो. त्यात थोडा इतिहास आहे, आणि थोडी आमच्या स्वतःच्या हातून घडलेली चूकही आहे.

पुस्तकाचे नाव 'कानून-ए-इस्लाम'. नाव ऐकून हा शरियतच्या कायद्याचा ग्रंथ वाटेल, पण तसे नाही. दख्खनचे मुसलमान जन्मापासून मरणापर्यंत कोणकोणते विधी करतात, कोणते सण कसे साजरे करतात, बारसे कसे, बिस्मिल्ला कशी, हळद-मेंदी कशी, दफन कसे, याचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. ते लिहिणारे जाफर शरीफ हे दख्खनचेच. लिहून घेणारे आणि इंग्रजीत आणणारे डॉ. जी. ए. हर्क्लॉट्स हे मद्रास इलाख्यातील कंपनी सरकारच्या नोकरीतले शल्यचिकित्सक. ज्या लोकांवर राज्य करायचे त्यांचे रीतिरिवाज गोऱ्या अधिकाऱ्यांना कळावेत, हा त्यामागचा उघड हेतू. हेतू काहीही असो, एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. त्या काळी साहेबांच्या ग्रंथांसाठी माहिती पुरवणारे मुन्शी आणि पंडित पुष्कळ होते, पण त्यांची नावे सहसा प्रस्तावनेतल्या आभाराच्या ओळीत संपत. इथे मात्र मुखपृष्ठावरच जाफर शरीफ यांचे नाव लेखक म्हणून छापले आहे. आपल्या माणसांविषयी आपल्यातल्याच एकाने लिहिले आणि ते त्याच्या नावावर राहिले. पुढे 1921 साली विल्यम क्रुक यांनी या पुस्तकाची फेरमांडणी करून नवी आवृत्ती काढली, तेव्हाही हे नाव टिकले.

या पुस्तकात मोहरमचे प्रकरण मोठे आहे. आशुरखाना कसा सजतो, अलाव्याचा खड्डा कधी खणतात, नवस बोललेले लोक कोणकोणत्या प्रकारचे फकीर होतात, नालसाहेब घेऊन माणसे कशी धावतात, हे सारे त्यात आहे. मूल होत नसलेली बाई नालसाहेबाला नवस बोलते, की मुलगा झाला तर त्याला तुझ्या सवारीबरोबर धावायला लावीन. हे वाचताना आम्ही थबकलो होतो. कारण हाच नवस, याच शब्दांत, आमच्या गावात आम्ही लहानपणी ऐकला होता. बोलणारी बाई माळ्याची होती.

आता चित्राकडे येऊ.

चित्र म्हणून त्यात फारसे काही नाही. मोकळ्या पांढऱ्या कागदावर धातूच्या वस्तूची बाह्यरेषा, आतले थोडे बारकावे आणि शेजारी क्रमांक. मजकुरात त्या क्रमांकाचा हवाला. वैद्यकाच्या पुस्तकात हाडांची चित्रे असतात किंवा शेतीच्या पुस्तकात अवजारांची, तशी ही मांडणी. मागे मशीद नाही, मांडव नाही, गर्दी नाही. चित्र काढणाऱ्याला वस्तू ओळखता यावी एवढेच हवे होते, आणि तेवढे त्याने केले आहे.

तरीही आम्हाला हे चित्र सुंदर वाटते. चित्रकाराने स्वतःचे काही मिसळलेले नाही, म्हणून ते सुंदर वाटते. त्या काळच्या कितीतरी युरोपीय चित्रांत मोहरम म्हणजे मशाली, धूर, उघडीनागडी माणसे, हत्ती आणि गोंधळ. पाहणाऱ्याला भय वाटावे किंवा मौज वाटावी अशी ती रचना. इथे तसे नाही. ही एक वस्तू आहे, ती नीट पाहावी अशी आहे, एवढाच भाव त्यात आहे. पाहणाऱ्याचा आदर कधी कधी अशा कोरड्या रेषेतही दिसतो.

रेषेवरून बोट फिरवले की कारागीर दिसू लागतो. अलम ओतूनही करतात, पण पुष्कळदा तो पितळेच्या, तांब्याच्या किंवा लोखंडाच्या पत्र्यातून कापून, ठोकून केलेला असतो. ऐपत असेल तिथे चांदीचा. खाली दांडा बसवायची नळी. वरचा भाग कधी उघड्या हाताचा, कधी पानासारखा निमुळता, कधी दोन टोकांच्या तलवारीसारखा, म्हणजे जुल्फिकारचा, तर नालसाहेबाचा घोड्याच्या नालेसारखा वाकलेला. जुन्या गोवळकोंडी अलमांना दोन्ही बाजूंनी मगरीच्या किंवा सर्पाच्या तोंडासारखे आकार असतात. देवळाच्या मकरतोरणावर हात बसलेल्या कारागिराला ते परके वाटले नसतील. पत्र्यातच अल्लाहचे, पैगंबर साहेबांचे, हजरत अलींचे नाव जाळीसारखे कोरलेले असते. दिवा मागे धरला तर अक्षरे उजळतात. खेड्यात हे काम करणारा कोण असणार? तांबट, लोहार, नाहीतर सोनार. ज्याला ती अक्षरे वाचता येत नव्हती त्याने ती बिनचूक कापली.

पाच बोटांचा अर्थ आपल्या वाचकांना सांगायला नको. पंजतन पाक: पैगंबर मुहम्मद (स.), हजरत अली, बीबी फातिमा, इमाम हसन आणि इमाम हुसेन. दुसरा अर्थ करबलाचा. हिजरी 61, म्हणजे इसवी सन 680. फुरातचे पाणी अडवलेले. तंबूत मुले तहानेने व्याकूळ. हजरत अब्बास हे हुसेनी काफिल्याचे अलमदार, निशाण धरणारे. ते मशक घेऊन पाण्यासाठी गेले आणि दोन्ही हात तोडले गेले तरी निशाण आणि मशक सांभाळत राहिले, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. म्हणजे अलमावरचा हात हा आधी पाणी आणायला गेलेला हात आहे. मोहरममध्ये रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला सरबत का पाजतात, ते या हाताकडे पाहिले की कळते.

हा हात महाराष्ट्रात कसा पोचला, त्याचा रस्ता राजदरबारातून जातो. विजापुरात यूसुफ आदिलशहाने 1502 साली शिया पंथ राज्याचा पंथ म्हणून जाहीर केला. अहमदनगरात शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने 1537 च्या सुमारास तेच केले. गोवळकोंड्याचे कुतुबशहा तर पहिल्यापासून त्या पंथाचे. मुहंमद कुली कुतुबशहाने 1590 च्या दशकात हैदराबादेत बादशाही आशुरखाना बांधला. मुसी नदीच्या 1908 च्या पुरात त्याची हानी झाली, तरी त्याच्या भिंतीवरच्या रंगीत फरशांत अलमांचे आकार आजही पाहायला मिळतात. अलमाची चित्रे काढायची परंपरा इंग्रजी पुस्तकापेक्षा जुनी आहे, ती अशी. याच राजाने दख्खनी भाषेत मर्सिये लिहिले. मराठी मुलखाला लागून असलेल्या, मराठी शब्द पचवलेल्या आपल्या बोलीत करबलाचे दुःख तेव्हाच उतरले होते.

अहमदनगरच्या बारा इमाम कोठल्याचे नाव आपण सगळ्यांनी ऐकले आहे. तोही बुऱ्हाण निजामशहाच्या काळातला. निजामशाही 1636 साली संपली. विजापूर 1686 साली गेले, गोवळकोंडा 1687 साली. ज्या राजांनी हा पंथ आणला त्यांची सिंहासने गेली, त्यांचा पंथही बहुतेक ठिकाणी गेला. नगर शहराचे अधिकृत नावही 2024 साली अहिल्यानगर झाले. पण कत्तलच्या रात्री छोटे बारा इमाम आणि बडे बारा इमाम यांच्या सवाऱ्या तिथे निघतातच, आणि खांदा देणाऱ्यांत व दर्शनाला येणाऱ्यांत सगळ्या जातींची माणसे असतात.

इतिहासाच्या पुस्तकांत न मिळणारी गोष्ट नेमकी इथे आहे. राजा गेल्यावर अलम कोणी उचलला? शिया राज्ये गेली तेव्हा तो सुन्नी मुलाणी, पिंजारी, तांबोळी, बागवान यांनी उचलला. त्यांच्याबरोबर मराठा, माळी, धनगर, कोष्टी, महार, मांग यांनी उचलला. गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. मोहरमच्या खर्चासाठी कितीतरी गावांत जमिनीचा तुकडा इनाम असे. पाटलाच्या दारी पंजा थांबे. सुताराने दांडा करायचा, कुंभाराने सरबताचे माठ द्यायचे, शिंप्याने कापड शिवायचे. दरबारातून आलेली वस्तू अशी गावाची झाली. मराठेशाहीनेही तिला परके मानले नाही. ग्वाल्हेरला शिंद्यांचा आणि इंदूरला होळकरांचा सरकारी ताजिया निघे, हे प्रसिद्धच आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे शंभर फुटांहून उंच ताबूत आजही पाहायला माणसे लांबून येतात. आधी कळस आणि मग पाया अशी त्यांच्या बांधणीची रीत आहे, आणि तो बांबू बांधणारे हात कुठल्या एका धर्माचे नाहीत.

मग हे सारे कमी का झाले?

पहिला घाव बाहेरून बसला. 1893 च्या मोहरममध्ये काठेवाडातील प्रभासपाटण येथे दंगल झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत. त्यानंतर पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. आपला उत्सव असताना ताबुतापुढे कशाला नाचता, असा प्रचार 1894 च्या सुमारास मेळ्यांतून आणि पत्रांतून झाला. त्याआधी पुण्याच्या ताबुतांत हिंदूंचा सहभाग मोठा होता. तो झपाट्याने ओसरला. गणेशोत्सवाविषयी आमच्या मनात कटुता नाही. आमच्या गावात आजही गणपतीच्या मांडवाची वायरिंग आमचा चुलतभाऊच करतो. पण एका उत्सवाची गर्दी दुसऱ्याकडे वळवली गेली, हा इतिहास आहे आणि तो सांगितला पाहिजे. मुंबईत 1911 च्या मोहरमात गोळीबार झाला. पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांनी त्यानंतर निर्बंध आणले आणि टोळ्याटोळ्यांनी निघणाऱ्या ताबुतांच्या मिरवणुकांचे जुने रूप तिथे राहिले नाही.

दुसरा घाव आतून बसला. प्रचलित ताजियादारीवर देवबंदी उलेमांनी आक्षेप घेतला, आणि एरवी त्यांच्याशी न पटणाऱ्या बरेलवी उलेमांनीही घेतला. त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. नवस फक्त अल्लाहकडे मागावा, शोकाचा तमाशा होऊ नये, दहा दिवसांच्या दारूने आणि सोंगांनी हुसेनच्या बलिदानाची थट्टा होते, हे म्हणणे खोटे नाही. आमच्या लहानपणी मिरवणुकीत पिऊन पडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. ज्यांना ही बिदअत वाटते त्यांच्याशी आमचा वाद नाही. आम्ही स्वतः त्यांच्यातलेच होतो.

आता आमची गोष्ट.

आमचे गाव सातारा-सांगलीच्या सीमेवरचे. मुसलमानांची घरे तीस-पस्तीस. मशिदीला लागून एक मातीची खोली होती, तिला सगळे पीरखाना म्हणत. त्यात तीन पंजे होते. वर्षभर लाकडी पेटीत, लाल कापडात गुंडाळलेले. चांद दिसला की पेटी उघडायची, पंजे चिंचेने आणि राखेने घासायचे, पाचव्या दिवशी बसवायचे. बायका चोंगे करायच्या. मलिदा वाटला जायचा. रात्री मराठा आळीची पोरे हातात हात घालून करबल म्हणत फेर धरायची.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही शहरात शिकून, चार पुस्तके वाचून गावी परतलो होतो. जमातीच्या बैठकीत आम्ही तावातावाने बोललो. धातूच्या तुकड्यापुढे ऊद जाळता, मग दुसऱ्यांना काय म्हणून बोलता, असे विचारले. शिकलेला पोरगा बोलतो म्हटल्यावर म्हातारी माणसे गप्प बसली. पीर बसवणे बंद झाले. तीनचार वर्षांनी मशिदीचे बांधकाम निघाले, पीरखाना पाडला, जागा वजूखान्यात गेली. पेटी कुणाच्या तरी माळ्यावर काही दिवस होती. मग कुणाला तरी पितळेचा भाव आठवला. तालुक्याच्या बाजारात पंजे वजनावर गेले. ते पैसे मशिदीच्याच फरशीला लागले, कुणी खिशात घातले नाहीत. पण गेले ते गेले.

फोटो एकही नाही. त्या काळी गावात कॅमेरा लग्नालाच यायचा.

पुढे काही वर्षांनी गावी गेलो असताना माळ्याची एक म्हातारी रस्त्यात भेटली. तिने विचारले, "आमचं पीर कुठं ठेवलंसा रं?" आमचं म्हणाली. आम्ही ज्याला आमच्या जमातीची बाब समजून निकालात काढले, ते तिचे होते आणि तिला कुणी विचारले नव्हते. बैठकीत ती कशी असणार? तिच्या मुलाचे नाव पिराजी होते. आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो आणि निघून आलो. तिला काय सांगायचे होते? किलोने गेले म्हणून?

'कानून-ए-इस्लाम'मधले ते चित्र त्यानंतर एका ग्रंथालयात आमच्या हाती लागले. पान उलटले आणि हात थांबला. आमच्या पेटीतलाच एखादा पंजा समोर आल्यासारखे वाटले. झेरॉक्स काढून घेतली.

झेरॉक्स घेऊन आम्ही फुफीकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, नजर कमजोर, पण आठवण खणखणीत. पीरखान्याची झाडलोट तिने लग्नाआधी केलेली. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ये तो उघडाच है रे बाबा. इसका कपडा कहाँ? सेहरा कहाँ?"

इतकी वर्षे ज्या चित्राला आम्ही मनातल्या मनात दाद देत होतो, त्यात काय नाही ते फुफीने एका वाक्यात सांगितले. चित्रकाराने धातू काढला होता, पीर काढला नव्हता. फुफीने जो पाहिला होता तो कधी उघडा नसे. त्याला हिरवे कापड असे, नवसाचे नाडे बांधलेले असत, मोगऱ्याचा सेहरा असे, अबीर असे, बाळाच्या नावाने बांधलेली चांदीची टिकली असे. कापडाचा पहिला मान कोणाचा, दुसरा कोणाचा, हे ठरलेले असे. फुफी सांगत गेली. हिरवे कापड पाटलांच्या घरचे. सेहरा माळ्यांचा. गूळ वाण्याचा. दांड्याला तेल लावायचे ते सुताराने. सरबताची साखर आमच्या दादाची. आम्ही लिहून घेत गेलो. पाच बोटांच्या त्या पत्र्याला अख्खे गाव गुंडाळलेले होते, आणि बैठकीत आम्ही फक्त पत्रा पाहिला होता. तोल गेला तो तिथे. आमचा प्रश्न धर्माचा म्हणून बरोबर असेलही, पण उत्तर देताना आम्ही वस्तू कापडातून सोडवून तराजूत टाकली.

आमची भाची त्या वेळी आठवीत होती, चित्रकलेत बरा हात. तिला बसवले. फुफी बोलायची, ती पेन्सिलने काढायची. "उंगली इतनी लंबी नै." ती खोडायची. "अंगूठा जरा भायेर." ती पुन्हा काढायची. मधल्या बोटाचे टोक थोडे तुटलेले होते, हे फुफीला आठवले. आम्ही साफ विसरलो होतो. तळव्यावर पाच ओळी कोरलेल्या होत्या, पण काय लिहिले होते ते फुफीला सांगता येईना. ती कधी शाळेत गेली नव्हती. भाचीने तिथे खोटी अक्षरे काढली नाहीत. पाच आडव्या रेषा मारल्या आणि जागा मोकळी सोडली. आम्हाला ते फार प्रामाणिक वाटले.

दोन दुपारी लागल्या. शेवटी फुफीने कागद हातात घेतला, ओढणी डोक्यावर सारखी केली आणि एवढेच म्हणाली, "हौ. येच."

तिने त्याला सलाम केला नाही, ऊद मागितला नाही. ती पाचही वक्त नमाज पढणारी बाई होती आणि कागद हा कागद आहे हे तिला ठाऊक होते. चित्राने पुन्हा मूर्तिपूजा सुरू होईल, अशी भीती ज्यांना वाटते त्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो. पूजा आणि आठवण यांतला फरक आपल्या निरक्षर म्हाताऱ्यांना कळतो. तो न कळल्यासारखे आपण शिकलेलेच वागतो.

जगात इतरत्र हे काम सरकारांनी केले आहे. अमेरिकेत मंदीच्या काळात, 1935 ते 1942 या वर्षांत, बेकार चित्रकारांना पगार देऊन सामान्य माणसांच्या वस्तूंची चित्रे काढून घेतली गेली. रंगीत छायाचित्रण तेव्हा भरवशाचे नव्हते, म्हणून जलरंगात, धाग्यादोऱ्यासकट. खुर्च्या, गोधड्या, खेळणी, आणि न्यू मेक्सिकोतल्या गरीब स्पॅनिशभाषक खेडुतांनी लाकडात कोरलेले संतही. ते संतही एकेकाळी शिकलेल्या पाद्र्यांना ओबडधोबड वाटले होते आणि त्यांच्या जागी विकतचे छापील आणि प्लास्टरचे संत आले होते. सुमारे 18,000 चित्रांचा तो संग्रह आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. आपल्याकडे असे सरकार कधी यायचे ते येवो. आपल्याकडे पेन्सिल आहे, फुफ्या आहेत, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

महाराष्ट्राच्या गावोगाव अजून कितीतरी पेट्यांत असे पंजे असतील. काही दरवर्षी निघत असतील, काही माळ्यावर असतील. ते बाहेर काढावेत की नाही, हा त्या त्या गावाचा आणि ज्याच्या त्याच्या अकिद्याचा प्रश्न आहे. आम्ही त्यावर फतवा द्यायला बसलेलो नाही. आमची विनंती एवढीच आहे. भंगारवाल्याला बोलावण्याआधी, किंवा नदीत थंडे करण्याआधी, कुणाला तरी चित्र काढायला बसवा. मापे लिहा. अक्षरे वाचता येत असतील तर उतरवून घ्या. आणि कापड कुणाचे, सेहरा कुणाचा, गूळ कुणाचा, हे विचारायला विसरू नका. कारण या मातीत आपण पाहुणे नव्हतो, याचा पुरावा कोर्टाच्या कागदात कमी आणि त्या यादीत जास्त आहे.

फुफी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. भाचीचे चित्र आम्ही फ्रेम करून घेतले आणि त्याची एक प्रत घेऊन माळ्याच्या त्या म्हातारीकडे गेलो. तीही राहिली नव्हती. पिराजीने चित्र हातात घेतले, खाली लिहिलेली मानाची यादी वाचली, आपल्या घरचे नाव आले तिथे बोट ठेवले. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. आम्ही दोघे ओट्यावर बसून पाणी प्यालो. फारसे बोललो नाही.

आमच्या टेबलाच्या काचेखाली आता दोन चित्रे शेजारीशेजारी आहेत. एक 1832 चे, उघड्या धातूचे. दुसरे पेन्सिलचे, कापड आणि सेहरा घातलेले, मधल्या बोटाचे टोक तुटलेले. पाहुण्यांना आम्ही दोन्ही दाखवतो.